पायांवर चालणारा समुद्र

रत्नागिरीच्या राजिवड्यात सकिना कुणाच्या घरी आली की तिने हाक मारल्यावरच घरातल्यांना कळायचं. पायरी वाजायची नाही. अंगणात सुकत घातलेल्या मासळीवर टपलेला कावळासुद्धा तिच्या चाहुलीने उडायचा नाही, कारण चाहूल नसायचीच. नव्या सुना दचकायच्या. जुन्या बायका त्यांना सांगायच्या, "तिचं तसंच हाय. ती जमिनीला विचारून पाऊल टाकते."

पण ती काही जन्मापासून अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पायांत चांदीचे तोडे होते आणि ती विहिरीवरून निघाली की खाडीपर्यंत कळायचं. तिचा नवरा मुसा हसून म्हणायचा, हिला घेऊन चोरीला जाता यायचं नाही. ते तोडे तिने काढले सत्तावन्न सालच्या मे महिन्यात. पुन्हा कधी घातले नाहीत. त्याची ही गोष्ट.

मुसा तांडेल होता, म्हणजे शिडाच्या जहाजाचा कप्तान. पावसाळा सरला की मलबारात कौलं आणि लाकूड भरायचं, आखातात उतरवायचं, बसऱ्याचा खजूर घेऊन पुढच्या पावसाच्या आत घर गाठायचं. त्याच्या आधी त्याच्या बापाने, अयूबने, जन्मभर हेच केलं होतं. अयूब आता घरी असे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की ओटीवर बसून वल्ह्याच्या आवाजावरून खाडीतली होडी कुणाची ते सांगायचा.

त्यांच्या घरात एक रीत होती. अयूबने तरुणपणी फणसाच्या लाकडाचं एक हातभर गलबत कोरलं होतं. शीड, डोलकाठी, सुकाणू, सगळं जागच्या जागी. घरचा पुरुष सफरीवर निघाला की जायच्या सकाळी ते गलबत माजघराच्या वाशाला काथ्याच्या दोरीने टांगायचा. गाठ त्याने स्वतः मारायची. परत आल्यावर त्यानेच सोडायची आणि गलबत फळीवर ठेवायचं. मधल्या काळात त्या गाठीला कुणी हात लावायचा नाही. मौलवीसाहेबांनी दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं की अशा गोष्टींत काही नसतं. अयूबने मान डोलावली होती. "नसतंच," तो म्हणाला होता, "पण टांगायला काय जातं?"

सकिना रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी वर बघायची. गलबत खिडकीतल्या वाऱ्यावर हळूहळू फिरत असायचं. फिरतंय म्हणजे ठीक आहे, एवढंच तिचं त्याच्याशी बोलणं.

त्या वर्षी मुसा ईदेला येतो म्हणाला होता. ईद मेच्या सुरुवातीलाच होऊन गेली. एकेक करत इतर जहाजं आली. शेजारच्या फरीदाचा नवरा फारुक आला, येताना मस्कतला मुसा भेटल्याचं सांगितलं. दोन दिवसांत निघतो म्हणाला होता, तब्येत ठणठणीत होती, सकिनासाठी कापड घेतलं होतं. फारुकने हे सगळं हसत सांगितलं, आणि मग हिशेबाने मुसाने केव्हा पोचायला हवं होतं ते मनात आलं तसा तो गप्प झाला. त्याचं ते गप्प होणं सकिनाने पाहिलं. तेव्हापासून ती आपलं ताट वाढून घ्यायची आणि तसंच झाकून ठेवायची.

तशातच एका दुपारी घरी बाळा मास्तर आला.

बाळा मास्तर शहरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. मुंबईला शिकून आला होता, दाढी राखायचा, आणि सदा काहीतरी ठोकत असायचा. सुट्टीत शाळेचा मोठा हॉल मिळवून त्याने एक प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. भिंतीवरची चित्रं नव्हेत, हलणारी. वाऱ्यावर फिरणारे पत्र्याचे मासे, वाळूच्या धारेवर गरगरणारं चाक, पाण्याने भरलं की वाकून करवंटीवर टाळी देणारा बांबू. प्रदर्शनाचं नाव त्याने ठेवलं होतं ‘चलनवलन’. आणि सगळ्यांच्या शेवटी एक समुद्र. लाटा तयार होत्या, फक्त गलबत हवं होतं. अयूबचाचांच्या हातच्या गलबताबद्दल बंदरावरच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

सकिना तेव्हा विहिरीवर होती. परत आली तर वाशाला नुसती दोरी लोंबत होती आणि अयूब पायरीवर बसून समाधानाने विडी ओढत होता.

घागर तशीच कमरेवर धरून ती उभी राहिली. गलबत कुठं, एवढंच तिने विचारलं.

"मास्तर घेऊन गेला. लोकांनी बघावं म्हणून मागायला आला होता गो, पाया पडला माझ्या. आठ दिवसांत आणून देतो म्हणालाय."

"गाठ कुणी सोडली?"

"मीच. ती गाठ मुसाला कुणी शिकवली? मीच ना. मग माझीच ती."

यावर सुनेने काय बोलायचं? म्हाताऱ्याचं कौतुक असं कुणी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. घागर उतरवून ती आत गेली. त्या रात्रीपासून माजघरात झोपताना ती वाशाकडे पाठ करून झोपू लागली.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मास्तरने अयूबला मानाने बोलावलं. गलबत कसं कोरलं ते त्याने लोकांना सांगायचं होतं. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हात धरायला सकिना गेली.

हॉल माणसांनी भरला होता. मे महिना, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले, आणि नाटक-सिनेमा सोडून असलं काही रत्नागिरीने पाहिलं नव्हतं. खिडक्यांतून समुद्राचा वारा येत होता आणि पत्र्याचे मासे छताखाली पोहत होते. बांबू वाकायचा, टक्क करून करवंटी वाजायची, आणि दरवेळी कुणीतरी बाई दचकून हसायची. तोपर्यंत सकिनालाही गंमत वाटत होती.

मग ती हॉलच्या टोकाला पोचली.

तिथे जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांचा रस्ता केला होता. माणसं एका बाजूने चढायची, समोरून चालत जायची, दुसऱ्या बाजूला उतरायची. फळ्यांखाली मास्तरने मोटारीच्या जुन्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, आणि प्रत्येक फळीपासून दोऱ्या निघून कठड्यापलीकडच्या निळ्या-हिरव्या लाकडी पट्ट्यांना गेल्या होत्या. फळीवर पाय पडला की एक पट्टी वर यायची, पाय उचलला की खाली जायची. माणसं चालली की समुद्र चालायचा. आणि त्या पट्ट्यांच्या मधोमध, एका खिळ्यावर तोललेलं, तिच्या माजघरातलं गलबत.

एक म्हातारी काठी टेकत गेली तेव्हा लाट मंद उठली आणि गलबताने मान हलवली. मागून चाकरमान्यांचं टोळकं आलं. त्यांच्या बुटांखाली फळ्या दणाणल्या. समुद्र खवळला, गलबताचं तोंड आकाशाकडे गेलं, मग खाली बुडालं, शीड पाण्याला टेकतंय असं वाटलं. लोक खुश झाले. कुणीतरी म्हणालं, हा समुद्र हाय की भातगिरणी? टोळक्यातला सगळ्यात धिप्पाड गडी, देवरूखकडचा रघू, मुद्दाम दोन्ही पायांवर उडी मारून बघू लागला.

अयूबचा दंड सकिनाने इतका घट्ट धरला की तो म्हणाला, "काय झालं गो?"

"काय नाय, बाबा. गर्दी हाय."

तिने मास्तरला गाठलं. गलबत परत द्या म्हणाली. मास्तर आधी समजुतीने बोलला. त्याचा चेहरा आनंदाने नुसता उजळला होता.

"भाबी, तिकडे पोफळीला डोंगर पोखरताहेत, पाण्याची वीज करायला. माझ्याजवळ डोंगर नाही, पाणी नाही. लोकांचे पाय आहेत. तेवढ्यावर मी समुद्र चालवला. आणि हे गलबत नसलं ना, तर त्या नुसत्या पट्ट्या. समुद्र कशाने कळणार?"

"त्याचा धनी समुद्रात हाय, मास्तर. अजून आला नाय."

मास्तरचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. दाढी खाजवत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे. आज संध्याकाळी हॉल बंद झाला की लाटेवरून उचलतो आणि घरी आणून देतो."

उचलतो. हा शब्द ऐकला आणि सकिनाच्या अंगावर काटा आला. तिचं सगळं आयुष्य बंदरावर गेलेलं. भर पाण्यातून जहाज केव्हा उचलतात, ते तिला ठाऊक होतं. फुटल्यावर. उचलतात म्हणजे त्याच्या फळ्या उचलतात. घरातल्या वाशावरून गलबत सुटलं, पाण्यावर आलं. आता किनारा लागायच्या आत त्याला पाण्यावेगळं करायचं?

"नको," ती म्हणाली. "उचलू नका."

"मग ठेवू?"

उचलावं तर फुटलं, ठेवावं तर बुडेल. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून मास्तर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरीच तोडे काढले आणि फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. अयूबला हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं आणि स्वतः फळ्यांच्या तोंडाशी, भिंतीला लागून, डोईवरचा पदर घट्ट धरून उभी राहिली. स्वतः तिने फळीवर पाऊल ठेवलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती खालच्या आवाजात तेवढंच सांगायची, जरा हळू चाला.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, फळ्या कच्च्या असतील. मग वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. रघू पुन्हा आला होता. तो तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या आयशीने मला जन्मात असं सांगितलं नाय बाय. आमी काय हत्ती हाव?"

"हत्ती नाय," सकिना म्हणाली. "पण त्या गलबतावर माझा माणूस हाय."

रघू हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, कठड्यापलीकडच्या गलबताकडे पाहिलं. मुंबईच्या गिरणीत काम करणारा माणूस, घरी आईला वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. त्याने वहाणा काढून हातात घेतल्या आणि टाचा उचलून, एवढा मोठा गडी, मांजरासारखा फळ्यांवरून गेला. लाट नखभर उठली.

झालं. ही गोष्ट गावभर व्हायला किती वेळ लागतो? तांडेलाची बायको हॉलमध्ये उभी असते, नवऱ्याचं जहाज आलेलं नाही, हे बंदरापासून बाजारपेठेपर्यंत सगळ्यांना कळलं. लोक आता फळ्यांशी आले की आपणहून वहाणा काढायचे. बायका मुलांना कडेवर घ्यायच्या. कुणी हसत आलं तर मागचा त्याला खांद्याला धरून गप्प करायचा. फरीदाने तिला घरी टोमणा मारला की आता समुद्रावर तुझंच राज्य, आमच्या फारुकच्या पुढच्या सफरीला पण सांग. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली आणि श्वास रोखून चालली.

समुद्र थांबला. निळ्या पट्ट्या ओळीने सपाट पडून राहिल्या आणि त्यांच्यावर गलबत अगदी उभं, न हलता. सकिनाला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा घास गिळता आला.

फक्त अयूब खुर्चीत अस्वस्थ होता. फळ्यांचा आवाज येईना, तसा तो मान तिरकी करून ऐकायचा. एकदा म्हणाला, "पाणी एवढं गप्प का गो?"

"बरं हाय ना, बाबा. शांत हाय."

"शांत," म्हातारा म्हणाला आणि ओठ चावत बसला. "आमी असल्या पाण्याला शिव्या घालायचो." सकिनाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी माणसं जुनं काहीबाही बोलतात.

मास्तरने दोन दिवस पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो फळ्यांशी आला. लोक रांगेने, चपला हातात घेऊन, माना खाली घालून चालले होते. त्याने महिनोन् महिने ठोकलेल्या समुद्रावर एक सुरकुतीही नव्हती.

"भाबी," तो म्हणाला, "माझ्या प्रदर्शनाचं नाव चलनवलन आहे. आणि लोक इथे मयताला आल्यासारखे चालताहेत."

बोलून गेल्यावर तो शब्द त्याच्याही कानावर आला. सकिना भिंतीला टेकली. मास्तर तसाच मागे वळला, आणि उरलेले सगळे दिवस त्या टोकाकडे फिरकला नाही. पत्र्याच्या माशांखाली उभा राहून लोकांना वारा समजावून सांगत राहिला.

शेवटचा दिवस शुक्रवार, जुम्याचा. जुम्याची नमाज आटोपून सकिना अयूबला घेऊन आली. रात्री तिला झोप नव्हती. समुद्राचा रंग बदलायला लागला होता, बंदरावर उरलेल्या होड्या पावसाआधी वर ओढून झापांनी शाकारायचं काम चाललं होतं. आता यायचं राहिलेलं जहाज एकच होतं, आणि त्याचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं. आजचा दिवस समुद्र असाच धरून ठेवायचा, एवढंच तिने मनाशी घेतलं होतं. उद्या काय, ते उद्या.

दिवस सरत आला. मास्तर कुण्या पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेला. हॉलमध्ये चार-सहा माणसं उरली होती, त्यांत रघू. तो उद्या मुंबईला निघणार होता, तिला सांगायला आला होता. आणि तेवढ्यात बाहेरून एक जथा घुसला. आडगावातली पोरसवदा माणसं, कुणाच्या तरी लग्नाहून आलेली, गळ्यात ढोल, अंगात अजून वाजप. त्यांना तांडेलाची बायको ठाऊक नव्हती. फळ्या दबतात आणि पुढे समुद्र उठतो हे एकाला दिसलं, आणि त्याने शिमग्यात पालखी नाचवतात तसा ठेका धरला. ढोल घुमला. बाकीचे चढले.

सकिना समोर हात पसरून उभी राहिली. हळू, ती म्हणत होती, हळू चाला, पण ढोलापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. रघू मध्ये घुसून एकेकाला दंडाला धरून उतरवू लागला. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. लाटा एकमेकींवर आपटल्या, गलबत उसळलं, खिळ्यावरून निसटलं आणि दोन पट्ट्यांच्या मधे आडवं पडलं. शीड पाण्याला चिकटलं.

ढोल थांबला. पोरांना काहीतरी बिघडल्याचं कळलं. ती एकमेकांना ढकलत, खाली बघत निघून गेली.

रघूने कठड्यावरून हात आत घातला. "उचलून सरळ करतो."

"हात लावू नको." सकिनाचा आवाज इतका कोरडा होता की त्याने भाजल्यासारखा हात मागे घेतला.

खुर्चीवरून अयूब विचारत होता, काय झालं, कुणी काही सांगेल का? सकिनाने कठड्यावरून वाकून पाहिलं. शेवटी म्हणाली, "आडवं झालंय, बाबा."

म्हाताऱ्याने मान तिरकी करून कानोसा घेतला. मग त्याने विचारलं, "पाणी हलतंय का?"

"नाय."

"मग कसं उठेल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो उठून उभा राहिला होता. काठी नव्हती, कुणाचा हात नव्हता, आणि उभा असा होता की पायाखाली जमीन नाही, जहाजाची फळी आहे.

"आडवं झालेलं जहाज हाताने उठवत नाय गो, सकिना. पाणी उठवतं त्याला. पाणी हलव."

"माझ्याच्याने होणार नाय."

"मग कुणाच्याने? मला दिसत नाय. तू बघशील, मी सांगतो. चढ वर."

इतके दिवस ज्या फळीवर तिने पायाचं बोट ठेवलं नव्हतं, तिच्यावर ती चढली. फळी खाली दबली. पलीकडे एक पट्टी कण्हत वर आली आणि गलबत आणखी कलंडलं. सकिना जागच्या जागी थिजली.

"थांबू नको," अयूब म्हणाला. "आता थांबलीस तर भरेल. चाल."

ती चालली. एक फळी, दुसरी फळी, टोकापर्यंत आणि परत. प्रत्येक पावलाला वाटायचं, हेच ते, आता बुडालं. गलबत घासत होतं, थोडं सरकायचं, पुन्हा अडकायचं. अयूब कान देऊन ऐकत होता, आणि लहान पोराला पोहायला शिकवावं तसं सांगत होता: अजून, अजून, आता जरा दमाने. मग म्हणाला, "आता मोठी लाट. दोन्ही पायांनी."

"बाबा—"

"आपट पाय."

तिने डोळे मिटले आणि पाय आपटला. सगळ्या हॉलभर तो आवाज घुमला. एकदाच. लाकडावर लाकूड वाजलं, पत्र्याचे मासे वर थरथरले. रघूने "हां" असं काहीतरी म्हटलं. तिने डोळे उघडले तेव्हा गलबत खिळ्यावर परत बसलं होतं. डोलकाठी झुलत होती, पण उभी.

ती तरी थांबली नाही. मास्तर परत आला तेव्हा दाराशीच उभा राहिला. हॉलमध्ये अंधारून आलं होतं. फळ्यांवर ती बाई एकटी येरझाऱ्या घालत होती आणि त्याचा समुद्र, त्याने मनात पाहिला होता तसा, लांब संथ लाटांनी चालला होता. मग त्याने कोपऱ्यातली करवत आणली. खिळ्यासकट, गलबताखालची ती पट्टी त्याने दोन्हीकडून कापून काढली आणि रघूच्या डोक्यावर दिली. गलबत लाटेवर बसूनच राजिवड्याला आलं. पाण्यावेगळं झालं नाही. मास्तरचा समुद्र मात्र मधोमध फुटला, आणि त्याबद्दल त्याने पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही.

नंतरचे दिवस सकिना कशी जगली ते तिलाही सांगता आलं नसतं. माजघरात जमिनीवर ती लाकडी लाट आणि तिच्यावर गलबत. घरात कुणी जोरात बोललं तरी ती दचकायची.

आणि एका सकाळी फरीदा दारातूनच सांगत आली की भगवती बंदरासमोर मुसाचं जहाज उभं आहे.

मुसा आला तो निम्मा होऊन. ओठ फुटून काळे पडलेले, आवाज बसलेला. त्याने आधी वाशाकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या लाटेकडे, पण विचारलं काही नाही. एवढंच म्हणाला, पाणी दे. तांब्या रिकामा करून दुसरा मागितला. अंगात थोडी तरतरी आल्यावर, भात पुढे घेऊन बसला तेव्हा, बापाने विचारलं, वादळ लागलं का रे?

"वादळ कसलं, बाबा. वादळ लागलं असतं तर कधीच कुठंतरी लागलो असतो." मुसा घास हातात धरून बोलत होता. "वारा पडला. तुमी सांगायचात ना, तेलासारखं पाणी. तसं. पानसुद्धा हलेल एवढा वारा नाय. शीड मेल्यासारखं लोंबतंय. एक दिवस, दोन दिवस, संपेचना. पिण्याचं पाणी तळाला गेलं. पहाटे शिडावर दव पडायचं, ते पिळून आमी माणशी चूळभर घ्यायचो. वर खजुराची पोती, आणि खाल्लं की तहान. आमच्यातले दोघं बोलायचे थांबले होते. मी मनातल्या मनात तुमचा निरोप घेतला होता."

सकिना चुलीपुढे होती. तिचा हात भाताच्या टोपावर तसाच राहिला.

"मग?" अयूबने विचारलं.

"मग एका जुम्याला. मगरीबची वेळ झाली होती, दिवस नुकता बुडाला होता. आधी नुसती एक मोठी लाट आली. वारा नाय, काय नाय, सपाट पाण्यातून एकदम एक लाट, जहाज खालून वर उचललं तिने. आमी म्हटलं, आता हे काय? आणि तिच्यामागून वारा."

अयूबने आपले पांढरे झालेले डोळे चुलीच्या दिशेने वळवले. सकिनाने त्याच्याकडे पाहिलं. मुसा जेवत राहिला.

त्याला हे कधीच सांगितलं गेलं नाही. बाळा मास्तरने गलबत प्रदर्शनाला नेलं होतं आणि दोरी जुनी झाली म्हणून सोडली, एवढंच अयूबने त्याला सांगितलं. पुढच्या मोसमात मुसाने नव्या दोरीने, नव्या गाठीने गलबत पुन्हा वाशाला टांगलं आणि सफरीवर निघाला. पाठ फिरली, तशी सकिना त्याच्याखाली जाऊन उभी राहिली.

खिडकीतून वारा येत नव्हता. गलबत थांबलं होतं. थांबलं म्हणजे काय, ते आता तिला ठाऊक होतं. तिने बोट वर नेलं, आणि तिथेच धरून ठेवलं. ढकलावं तर किती? जास्त झालं तर? आणि नाही ढकललं तर?

मुसा समुद्रावर होता तितकी वर्षं रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी, तिने त्या गलबताला बोटाच्या टोकाने जेमतेम हलवलं. किती हलवायचं ते तिला कधी कुणी सांगितलं नाही. विचारायला होता तो अयूब, आणि तो गेला. पुढे जहाजांना इंजिनं आली, मुसा म्हातारा होऊन ओटीवर बसला, गलबत कायमचं फळीवर गेलं, त्याच्यावर धूळ बसली. सकिना मात्र तशीच, एकेक पाऊल तोलून, चालत राहिली. मोहल्ल्यातली पोरं तिच्यामागे टाचा उचलून तिची नक्कल करत चालायची, आणि ती मागे वळून कधी रागावली नाही. उलट थांबून त्यांचे पाय बघायची, ते कुठं पडतात, किती जोरात पडतात ते.